साधा सीटी नॉर्मल आला, मग पुन्हा सीटी कशाला?

"सीटी नॉर्मल आहे असं तुम्हीच म्हणालात ना मॅडम? मग परत सीटी का? आणि आता शिरेत डाय सोडून?"

सीटीच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. विचारणारा बहुतेक वेळा मुलगा नाहीतर जावई. आत त्याच्या आईच्या अंगावरून वारं गेलेलं असतं. एक हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठ हलतात पण शब्द फुटत नाही. बाहेर फोनवर एक काका सांगत असतात की आधी पुण्याला हलवा, दुसरे सांगतात डायनं किडनी जाते, तिसरे म्हणतात हे सगळं बिल वाढवायला चाललंय. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. 'नॉर्मल' हा शब्द वापरून त्याचा गोंधळ आम्हीच करून ठेवलेला असतो. तिथे उभ्या उभ्या दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते इथे सावकाश लिहिते.

## शेत हिरवं दिसतंय, पण पाटाला पाणी आहे का?

कालव्यावरून पाट येतो, पाटाला चाऱ्या फुटतात, चारीतून पाणी वाफ्यात जातं. समजा, रात्री कुठंतरी पाट बुजला. सकाळी बांधावर उभं राहून पाहिलं तर पीक हिरवंगार दिसेल. उन्हं चढली की पानं माना टाकतील, आणि पीक वाळलेलं डोळ्यांना दिसायला आणखी वेळ जाईल. पाणी मात्र रात्रीच बंद झालेलं असतं.

मेंदूचं असंच आहे, फक्त मुदत फार थोडी. धमनीत रक्ताची गुठळी अडकली की पलीकडच्या पेशींचं काम लगोलग थांबतं, म्हणून हात लुळा पडतो. पण मेंदूच्या त्या भागाचा रंग साध्या सीटीवर स्पष्ट बदललेला दिसायला काही तास जातात. पहिल्या दोन-तीन तासांत आणलेल्या पेशंटचा साधा सीटी पुष्कळदा स्वच्छ असतो. शेत अजून हिरवं असतं.

मग साधा सीटी आधी काढतात तरी कशाला? कारण पक्षाघात दोन तऱ्हांनी होतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एकात धमनी बंद होते, दुसऱ्यात फुटते. फुटली असेल तर सांडलेलं रक्त साध्या सीटीवर लगेच पांढरं उमटतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अशा पेशंटला दिलं तर जिवावर बेतेल. तेव्हा आम्ही घाईघाईत 'नॉर्मल' म्हणतो, त्याचा त्या घटकेचा अर्थ 'रक्तस्राव नाही' एवढाच असतो. पाट कुठं बुजलाय हा प्रश्न अजून शिल्लकच असतो.

तो शोधण्यासाठी पाटाच्या कडेनं चालत जावं लागतं. हे चालत जाणं म्हणजे सीटी अँजिओग्राफी, आमच्या रोजच्या बोलण्यात 'सीटी अँजिओ'. हाताच्या शिरेतून आयोडीन असलेलं औषध (यालाच आपण डाय म्हणतो) सोडायचं आणि ते मानेच्या व डोक्याच्या धमन्यांमधून जात असतानाच्या काही सेकंदांत सीटी काढायचा, इतकंच ते आहे. अँजिओग्राफी म्हटलं की आपल्याकडे हृदय, जांघेतून घातलेली तार आणि पाठोपाठ स्टेंट डोळ्यांपुढे येतो. इथे त्यातलं काही नसतं. भूल नाही, चिरा नाही, मेंदूत तार नाही. सलाईनला लावतात तशी एक सुई, बस्स.

## पाण्याला रंग का द्यावा लागतो

सीटी हे क्ष-किरणांचं यंत्र. किरण सोडणारी नळी पेशंटभोवती फिरते, समोरच्या बाजूचे शोधक किती किरण आरपार आले ते मोजतात आणि संगणक त्यावरून शरीराचा आडवा काप चित्रात उभा करतो. इंग्लंडमधले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी हे यंत्र बनवलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मोर्ले हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचा सीटी झाला, आणि तो मेंदूचाच होता. १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, त्याला हाउन्सफिल्ड यांचंच नाव आहे. पाणी ०, हवा उणे १०००, घट्ट हाड १००० च्या आसपास आणि त्याहूनही वर. मेंदू तिशी-चाळिशीत. आता अडचण अशी की वाहतं रक्तही जवळपास चाळिशीतच येतं. म्हणजे गढूळ जमिनीवरून गढूळ पाणी वाहतंय, वरून बघणाऱ्याला पाट ओळखू कसा यावा?

म्हणून आयोडीन. त्याचा अणू जड असतो आणि क्ष-किरण चांगले अडवतो. रक्तात आयोडीन मिसळलं की धमनीचा आकडा चाळिसावरून तीनशेच्या पुढे उडी घेतो आणि ती करड्या मेंदूत पांढरीशुभ्र उठून दिसते. गंमत म्हणजे आयोडीनची ही युक्ती सीटीपेक्षा जुनी आहे. १९२७ साली लिस्बनमध्ये एगाश मोनिझ यांनी आयोडीनचा क्षार थेट मानेच्या धमनीत टोचून मेंदूच्या धमन्यांचा पहिला एक्स-रे काढला. तो प्रयोग पेशंटसाठी सोपा नव्हता. आज तेच काम कोपरापाशी घातलेल्या सुईतून होतं.

## टेबलावरची ती काही सेकंदं

पेशंट टेबलावर येतो तेव्हा पहिलं काम दागिन्यांचं. मानेजवळचा कुठलाही धातू चित्रावर झाडूच्या काड्यांसारख्या रेघा ओढतो आणि नेमकी बघायची धमनी त्या रेघांखाली जाते. कुड्या, नथ, केसातल्या पिना, कवळी सगळं काढावं लागतं. आणि मंगळसूत्र. एका आजींचा उजवा हात पूर्ण गेला होता, बोलता येत नव्हतं, पण नर्सनं मंगळसूत्राला हात लावताच डाव्या हातानं त्यांनी ते घट्ट धरलं. त्यांच्या सुनेनं आत येऊन कानात सांगितलं, "आई, बाबांच्या हातात देते, ते बाहेरच उभे आहेत." मग मूठ सुटली. स्कॅन होईपर्यंत बाबा दाराबाहेर ते ओंजळीत धरून उभे होते. आमच्याकडे या कामासाठी आता एक छोटी लाल पिशवी ठेवली आहे, ती घरच्यांच्याच हातात देतो.

सुई शक्यतो उजव्या हाताला, आणि जाड, हिरव्या किंवा गुलाबी टोपणाची. औषध सेकंदाला चार-पाच मिली या वेगानं जायचं असतं, निळ्या बारीक सुईतून ते झेपत नाही. उजवाच हात का, तर डाव्या हाताची मोठी शीर छातीत धमन्यांच्या अगदी पुढून आडवी जाते. तिच्यात दाट औषध भरलं की मागच्या धमन्यांची मुळं झाकोळतात. एकूण औषध साधारण ५० ते ८० मिली, मागोमाग ते पुढे ढकलायला सलाईन.

आता खरी कसरत वेळेची. औषध धमन्यांत पोचण्याआधी फोटो काढला तर काहीच दिसणार नाही. पाच-सहा सेकंद उशीर झाला तर ते मेंदूतून परतून शिरांमध्ये येतं, आणि धमन्या-शिरांचा गुंता होतो. शिवाय प्रत्येकाचं हृदय वेगळं. तरुणाला बारा सेकंद पुरतील तिथे कमजोर हृदयाच्या आजोबांना वीस-पंचवीस लागतील. रात्री दारं धरायला गेलेला माणूस काय करतो? एकाला पाटाच्या फाट्यावर उभं करतो, तो "पाणी आलं रे" म्हणून ओरडला की हा पुढचं दार उघडतो. यंत्रही तेच करतं. हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीवर एक छोटं वर्तुळ आखून ते दर सेकंदाला तिथला आकडा बघत राहतं. आकडा ठरलेल्या पातळीवर चढला की टेबल आपोआप सुटतं आणि छातीच्या वरच्या भागापासून टाळूपर्यंत काही सेकंदांत पाच-सहाशे काप घेतले जातात, प्रत्येक काप अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा.

औषध जाताना अंगभर गरम लाट येते, तोंडात धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. होत काही नाही, नुसतं वाटतं. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट दचकून मान हलवतो आणि नेमका मानेचाच फोटो वाया जातो. त्या काही सेकंदांत गिळायचंही नसतं.

## चार धमन्या आणि एक रिंग रोड

मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे २० टक्के तो एकटा घेतो, आणि साठवून काहीच ठेवत नाही. त्याला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या फक्त चार. मानेच्या पुढच्या बाजूनं दोन कॅरॉटिड, ज्यांची नाडी जबड्याखाली बोट ठेवलं की लागते. आणि पाठीमागून, मणक्यांच्या भोकांतून ओवल्यासारख्या वर जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. कवटीच्या तळाशी या चौघी एकमेकींना जोडल्या जाऊन एक वर्तुळ होतं. १६६४ साली थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून ते 'विलिसचं वर्तुळ'.

गावाबाहेरच्या रिंग रोडसारखा त्याचा उपयोग. एक हमरस्ता बंद पडला तर वाहतूक वळून दुसरीकडून जाते. पण बऱ्याच लोकांत हा रिंग रोड पूर्ण बांधलेलाच नसतो, एखादा तुकडा बारीक असतो नाहीतर नसतोच. त्यामुळे एकाच जागी गुठळी अडकलेले दोन पेशंट, एकाचा नुसता हात जड होतो आणि दुसऱ्याचं अर्धं अंग जातं. सीटी अँजिओत हा सगळा नकाशा, कमानीपासून टाळूपर्यंत, एकसंध मिळतो.

## २०१३ ला जे फसलं ते २०१५ ला का जमलं

मला विचाराल तर सीटी अँजिओचं महत्त्व सांगायला ही एकच गोष्ट पुरे.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. लहान धमन्यांत ते चांगलं काम करतं. पण मोठ्या धमनीत लांबलचक गुठळी बसली असेल तर ते पुष्कळदा हरतं. म्हणून जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढूनच काढायची, अशी कल्पना निघाली. त्याला थ्रोम्बेक्टमी म्हणतात. २०१३ साली या उपचाराच्या तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि तिन्ही निराशाजनक. इंजेक्शनपेक्षा काही जास्त फायदा दिसेना. बऱ्याच जणांनी हा विषय संपला असं मानलं.

मग नीट पाहिल्यावर लक्षात आलं की त्यातल्या दोन चाचण्यांमध्ये मोठी धमनी खरोखर बंद आहे का, हे आधी पाहणं बंधनकारकच नव्हतं. पाट बुजला आहे की नाही हे न बघताच गाळ काढायला माणसं उतरवली होती. शिवाय उपकरणं जुनी आणि उपचाराला उशीर. २०१५ साली नेदरलँड्समधल्या मिस्टर क्लीन नावाच्या चाचणीत ५०० पेशंट घेतले, प्रत्येकाची मोठी धमनी बंद असल्याचं आधी चित्रात पाहून. गुठळी काढलेल्यांपैकी ३२.६ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर, दुसऱ्याच्या आधाराशिवाय जगत होते. न काढलेल्यांत १९.१ टक्के. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी तेच दाखवलं. उपकरणं सुधारली होती हे खरंच, पण कुणाला न्यायचं आणि कुणाला नाही हे सांगणारं चित्रही हातात होतं.

'पुण्याला हलवा' म्हणणाऱ्या काकांचं उत्तर इथेच आहे. हलवायचं का, हे सीटी अँजिओ ठरवतो. मोठी धमनी बंद असेल तर गुठळी काढण्याची सोय आणि ते काम करणारा डॉक्टर जिथे आहे अशाच ठिकाणी न्यायला हवं, आणि तेही इंजेक्शन सुरू करून. मोठी धमनी मोकळी असेल तर तीन तासांच्या घाटरस्त्यात पेशंटला हेलपाटण्याची गरजच नसेल. आणखी एक. सीटी अँजिओसाठी इंजेक्शन थांबवून ठेवत नाहीत. साध्या सीटीवर रक्तस्राव नाही असं दिसलं की ते टेबलावरच सुरू करता येतं.

## वाळलेलं पीक आणि कोमेजलेलं पीक

पाट बुजला तरी सगळं शेत एकदम मरत नाही. मधला पट्टा वाळतो, पण कडेच्या वाफ्यांना शेजारच्या शेतातून थोडं थोडं पाणी झिरपत राहतं. ती रोपं माना टाकतात, पण मुळं जिवंत असतात. वेळेत पाणी आलं तर पुन्हा उभी राहतात.

मेंदूतही गुठळीच्या पलीकडे मेलेला गाभा आणि त्याभोवतीचा कोमेजलेला भाग असे दोन पट्टे असतात. शेजारच्या धमन्यांमधून उलट्या बाजूनं येणारं झिरपतं रक्त दुसऱ्या पट्ट्याला धरून ठेवतं. उपचार न झाल्यास मोठ्या धमनीच्या पक्षाघातात दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. पण तो सरासरीचा. ज्याचं झिरपणं चांगलं, त्याचा मेंदू संथपणे मरतो.

हे झिरपणं बघण्याचे दोन मार्ग आहेत. एक, औषध एकदाच सोडून काही सेकंदांच्या अंतरानं डोक्याचे तीन फोटो घ्यायचे. उशिरा का होईना, पलीकडच्या फांद्या भरतात का ते दिसतं. दुसरा मार्ग म्हणजे परफ्युजन सीटी. त्यात मेंदूचे पुन्हा पुन्हा काप घेऊन औषध कुठं किती वेळात आलं आणि गेलं ते मोजतात. संगणक मग मेलेला आणि कोमेजलेला भाग दोन रंगांत रंगवून देतो.

याच मोजणीच्या जोरावर २०१८ साली डॉन नावाच्या चाचणीनं जुनी समजूत मोडली. तोवर सहा तास उलटले की दार बंद, असं मानलं जाई. या चाचणीत ६ ते २४ तास उलटलेले, पण गाभा लहान आणि लक्षणं मोठी असलेले पेशंट निवडले. गुठळी काढलेल्यांतले ४९ टक्के तीन महिन्यांनी स्वावलंबी होते, न काढलेल्यांतले १३ टक्के. हे निवडक पेशंट होते, सगळ्यांना हा आकडा लावता येत नाही. पण 'रात्री झोपेत झालं, आता काय उपयोग' म्हणून सकाळी घरीच तेल चोळत बसणाऱ्यांनी तो जरूर ऐकावा.

## पक्षाघाताखेरीज

मानेत कॅरॉटिड जिथे दुभागते तिथे चरबीचा आणि कॅल्शियमचा थर साचतो, चहाच्या भांड्याला क्षार धरतात तसा. १९९१ सालच्या एका मोठ्या अमेरिकी-कॅनेडियन चाचणीत, पक्षाघाताचा छोटा झटका येऊन गेलेल्या आणि धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेल्या पेशंटमध्ये, दोन वर्षांत त्या बाजूच्या पक्षाघाताचं प्रमाण शस्त्रक्रियेनं २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. त्यामुळे रिपोर्टमध्ये आम्ही तो टक्का अगदी जपून मोजतो. पाच मिनिटं हात जड होऊन आपोआप बरा झाला, तर ते बरं होणं नव्हे. ती सूचना आहे.

धमनीच्या भिंतीला सायकलच्या ट्यूबला येतो तसा फुगाही येतो. तो फुटला तर आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात उठते. साध्या सीटीत मेंदूभोवती रक्त दिसलं की फुगा कुठं आहे ते सीटी अँजिओ शोधतो. तीन मिलिमीटरपेक्षा लहान फुगा मात्र त्यातून निसटू शकतो, मग जांघेतून नळी घालून करायची अँजिओग्राफी लागते.

आणि तिसरी गोष्ट, जिचा मला मनापासून राग येतो: दाढी-कटिंगनंतर मान कडकन मोडून घेणं. पाठीमागच्या व्हर्टिब्रल धमन्या पहिल्या मणक्याला वळसा घालून वर जातात. तिथे झटका बसला तर धमनीचं आतलं अस्तर उसवू शकतं. कोटाचं अस्तर उसवलं की हात बाहीऐवजी अस्तरात शिरतो, तसं रक्त भिंतीच्या आत शिरतं, खरी वाट अरुंद होते आणि तिथे गुठळी धरते. तरुण माणसाच्या पक्षाघातामागे धमनी उसवणं हे एक नेहमीचं कारण आहे. अपघातात किंवा कबड्डीत मानेला हिसका बसला तरी असं होऊ शकतं. मान दुखतेय आणि त्याबरोबर चक्कर, डोळ्यापुढे दोन दोन दिसणं, एक पापणी खाली येणं असलं काही असेल, तर मालिशवाल्याकडे जाऊ नका.

## नव्या यंत्रांत नवं काय

लग्नाची साडी घेताना बायका ती दुकानाच्या दारात उन्हात नेऊन बघतात, कारण ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे निघतात. ड्युअल एनर्जी सीटी हेच करतो. एकाच जागेचा फोटो दोन वेगवेगळ्या ताकदीच्या किरणांत घेतला की कॅल्शियम आणि आयोडीन, जे एरवी दोन्ही पांढरेच दिसतात, वेगळे ओळखता येतात. मग कवटीचं हाड आणि धमनीतला चुनखडीसारखा थर चित्रातून वजा करून आतली वाट बघता येते.

त्यापुढची पायरी फोटॉन काउंटिंग सीटी. जुने शोधक क्ष-किरणाचं आधी उजेडात आणि मग विजेत रूपांतर करत, म्हणजे पाऊस घागरीत साठवून एकूण पाणी मोजल्यासारखं. नवे शोधक प्रत्येक थेंब वेगळा मोजतात आणि त्याचा आकारही टिपतात. चित्र जास्त रेखीव, किरण कमी. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला सप्टेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. मोठी धमनी बंद दिसली की डॉक्टरच्या फोनवर इशारा देणारे संगणकीय कार्यक्रमही आता आहेत, आणि पहाटे तीन वाजता त्यांची मदत होते.

पण यंत्र नवं नसेल तर मन खट्टू करू नका. मोठ्या धमनीतली गुठळी एका फेरीत ६४ काप घेणाऱ्या (६४ स्लाइसच्या) साध्या यंत्रातही चांगली दिसते. फाइलमधल्या लाल-सोनेरी थ्रीडी चित्रालाही फार भुलू नये. रंग संगणकानं भरलेले असतात. निदान होतं ते करड्या कापांवर, एकेक काप सरकवत.

## "डायनं किडनी जाते", "आईला कोळंबी चालत नाही"

किडनीची काळजी रास्त आहे, भीती मात्र वाजवीपेक्षा मोठी. ज्यांची किडनी आधीच फार कमजोर आहे त्यांच्यासाठी विचार करावा लागतो. ठरवून करायच्या तपासणीत म्हणूनच क्रिएटिनीन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, आधी मागतात. पक्षाघाताच्या घाईत, आधी किडनीचा आजार माहीत नसेल तर त्या रिपोर्टसाठी थांबू नये, असंच अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीबद्दल प्रत्येक सेंटरचा नियम थोडा वेगळा दिसेल. किडनी ठीक असेल तर ती बंद करायची गरज सहसा नसते, किडनी फार कमजोर असेल तर ४८ तास बंद ठेवून पुन्हा तपासतात. थायरॉइडचा जोर वाढलेला असेल तर तेही सांगा.

कोळंबीचं म्हणाल, तर कोकण-गोव्याकडच्या घरांत हा प्रश्न हमखास येतो. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. आयोडीन तर आपल्या मिठातही आहे. आधी कधी याच डायनं अंगावर गांधी उठल्या होत्या किंवा दम लागला होता का, हे महत्त्वाचं. आजच्या औषधांनी गंभीर प्रतिक्रिया साधारण दहा हजारांत चौघांना येते, आणि तिचं औषध त्याच खोलीत तयार असतं.

## किरणांचं काय?

मानेच्या आणि डोक्याच्या सीटी अँजिओत, यंत्र आणि पद्धतीनुसार, साधारण २ ते ५ मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या मात्रेचं माप) किरण अंगावर येतात. माती, दगड, आकाश यांच्याकडून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे वर्ष-दोन वर्षांची नैसर्गिक मात्रा एकदम. धोका शून्य नाही, पण धमनी बंद असताना तो तोलायला घेण्याइतकाही नाही. गर्भवतीच्या डोक्याचा सीटी काढताना पोटातल्या बाळापर्यंत अगदी नगण्य किरण पोचतात. आपल्याकडे प्रत्येक सीटी यंत्राला मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि तो विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

## एमआरआय जास्त चांगला ना?

काही बाबतींत, हो. किरण नाहीत, आणि कोवळा पक्षाघात त्यावर लवकर दिसतो. पण एमआरआयला वेळ लागतो, पेशंटला निश्चल राहावं लागतं, जुना पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर अडतं, आणि रात्री दोनला तो सगळीकडे चालू नसतो. मानेची सोनोग्राफी स्वस्त आणि निर्धोक, मात्र कवटीच्या हाडाआड तिला फारसं दिसत नाही.

## मग सगळ्यांनी चेकअपमध्येच करून घ्यावा का?

नको. हे मी ठामपणे सांगते, कारण 'फुल बॉडी' पॅकेजांत हल्ली काहीही घालतात. प्रौढांमध्ये साधारण शंभरात तिघांच्या मेंदूत न फुटलेला फुगा असतो आणि त्यातले बहुतेक आयुष्यभर फुटत नाहीत. एकदा तो दिसला की मात्र माणूस झोपेला मुकतो. दर डोकेदुखीलाही ही तपासणी नाही. घरात जवळच्या दोघांना असा फुगा निघाला असेल, तर तो वेगळा विचार. न्यूरोच्या डॉक्टरांशी बोलून करावा.

## बाकड्यावर बसलेल्यानं काय सांगायचं

आम्हाला तुमच्याकडून चार गोष्टी हव्या असतात: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, किडनीचा आजार आहे का, आधी कधी डाय दिला होता का, आणि जुन्या स्कॅनची सीडी. पण या सगळ्यांच्या वर एक प्रश्न असतो. पेशंट शेवटचा ठीक कधी दिसला? 'सापडले' कधी, हे नव्हे. शेवटचे नीट बोलले-चालले कधी.

त्या आजींच्या मुलानं आधी सांगितलं होतं, "सकाळी सहाला उठवायला गेलो तर अशा." त्यांना रात्री नऊला झोपताना सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणजे दहा तास गेलेले, इंजेक्शनची वेळ टळलेली. मग सून म्हणाली, "चारला आई पाणी प्यायला उठल्या होत्या. मला म्हणाल्या, पंखा कमी कर." घड्याळात तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.